जयगड राहिलं होतं

आबा परब यांचं नाव सगळ्यात आधी लिहितो. पुढचं वाचून कुणी मला खुळा म्हटलं तरी चालेल. पण ज्यांच्यामुळे माझा उजवा हात आणि दोन्ही डोळे शाबूत आहेत, त्यांचं नाव वर असू दे. शाळा लवकर सुटली माझी, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. देवगडकडचा असूनही नव्हता. गावी लोक ज्या पिंपळाला लांबून वळसा घालायचे, त्याच्याच पारावर मी दुपारची झोप काढायचो. आणि आबा काही गेलेले नाहीत, चांगले जिवंत आहेत! आज सकाळीच चहा सांडला म्हणून माझ्यावर ओरडले. तीच तर अडचण आहे...

आबा पलटणीतून निवृत्त झालेले. कांदिवलीला चाळीत त्यांची खोली. माझ्या आईच्या माहेरचे, एवढ्या ओळखीवर त्यांनी आणि काकींनी मला ठेवून घेतलं. मी तेव्हा माहुलला एका कंपनीत हंगामी रखवालदार होतो. तिथे हत्यारी गार्डची जागा निघाली. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी चांदमारीचं मैदान होतं, तिथे पिस्तुलाची टेस्ट द्यायची. पास झालो तर नोकरी कायम. नापास झालो तर हंगामी कामही संपत आलं होतं, म्हणजे वळकटी उचलायची आणि घरी जाऊन आईसमोर उभं राहायचं.

रविवारी आबा मला चांदमारीला न्यायचे. माझ्या उजव्या बाजूला उभे राहून कोपराला अंगठ्यानं दाबायचे. ते पिस्तूल एक गोळी उडाली की दुसरी आपोआप वर चढवणारं, पण गोळ्या लढाईच्या वेळच्या, ओल लागलेल्या. कधी चाप ओढला तरी बार होत नसे. अशा वेळी पिस्तूल समोरच्या मातीच्या ढिगाकडेच धरून थांबायचं, कारण गोळी उशिरानं उडू शकते. किती थांबायचं? आकडे मोजायला लावले तर मी घाबरून भराभर मोजून मोकळा व्हायचो. म्हणून आबांनी युक्ती काढली. आपण ज्या आगबोटीनं मुंबईला आलो, तिची बंदरं म्हणायची. देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णे, मुंबई. धक्क्याला लागलो की मगच मॅगझिन काढायचं, पिस्तूल उघडायचं आणि नळीतून उजेड दिसतो का बघायचं.

मी पहिल्यांदा घाईत म्हटलं तर ओरडले, "मेल्या, आगबोट आसा ती, विमान न्हय! प्रवाशांका उतरूक तरी दी!"

टेस्टच्या आठवड्यात आबांना विषमज्वरानं गाठलं. ताप उतरेना. टेस्टच्या सकाळी मी निघताना त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. काकी म्हणाल्या, "तू जा रे. मी आहे ना इथे."

चांदमारीला आम्ही रांगेत उभे होतो. माझ्या डाव्या हाताला एक जण, उजवीकडे कुणीच नाही, नुसतं वाळलेलं गवत. मागे टेस्ट घेणारे साहेब. माझ्या पहिल्या गोळ्या बऱ्या लागल्या. मग मी चाप ओढला आणि... नुसतं फुस्स! तेसुद्धा शेजारच्याच्या बारात नीट ऐकू आलं नाही. मला वाटलं, काडतूस फुकट गेलं. वेळ चालला होता. शेजारी धडाधड मारत होता. बंदरंबिंदरं सगळी डोक्यातून उडाली. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचून नवी गोळी चढवली, चापावर बोट गेलं—

आणि उजव्या कोपराला अंगठा दाबला गेला.

"आगबोट खंय इली रे?"

कानाशी. अगदी तोच घोगरा आवाज. मी वळलो नाही, कारण आबांनीच शिकवलं होतं, पिस्तूल हातात असताना वळायचं नाही. बोट आपोआप बाजूला झालं आणि मी पुटपुटायला लागलो. देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, दाभोळ...

"जयगड रवला मेल्या! जयगड घे!"

मी जयगड घेतलं. पुन्हा दाभोळ, हर्णे, मुंबई. मग मॅगझिन काढलं, पिस्तूल उघडलं, चढवलेली गोळी बाहेर टाकली आणि नळीतून पाहिलं. उजेड नव्हता. आधीची गोळी नळीतच अडकून बसली होती. तिच्यामागून दुसरी सोडली असती तर पिस्तूल माझ्या तोंडासमोर फुटलं असतं.

साहेबांनी ते हातात घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बस जरा. पाणी पी." उजवीकडे मी तेव्हा पाहिलं. गवतच होतं. थोड्या वेळानं साहेबांनी मला दुसरं पिस्तूल दिलं आणि मी पास झालो.

घरी आलो तर काकी दारातच होत्या. डोळे सुजलेले, पण हसत होत्या. "ताप उतरला रे! पण सकाळी मी घाबरले होते. पेज भरवत होते, तर माझा हात घट्ट धरला, अंगठा रुतवला नुसता. आणि बंदरं म्हणायला लागले. मला वाटलं, आता हे गावाकडे निघाले... मध्येच माझ्यावर खेकसले, जयगड राहिलं म्हणून! मी कुठे काय म्हटलं होतं?"

जयगड सुटल्याचं मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आजारी नवऱ्याला सोडून काकी मुलुंडला काय येणार?

पुढे आबांना विचारलं. म्हणाले, "माका काय म्हायत? माका ताप होतो." मग थोड्या वेळानं, "पण जयगड कसा इसारलस रे तू?"

मला आजही याचा उलगडा झालेला नाही. कुणाला झाला तर जरूर कळवा.

त्या दुखण्यानंतर आबांचे पाय लुळे पडल्यासारखे झालेत. गावी जाऊन त्यांना कैक वर्षं झाली. बंदरं म्हणताना ते नेहमी मुंबईलाच येऊन थांबतात. आता मी कायम झालोय, रजा मिळते. पावसाळा सरून आगबोटी सुरू झाल्या की एकदा त्यांना उचलून धक्क्यावर नेणार आहे. डेकवर त्यांच्या उजव्या बाजूला बसेन आणि सगळी बंदरं उलटी म्हणेन, हर्णेपासून देवगडपर्यंत. सावकाश. जयगड न विसरता.