आमच्या संघाची जिम्मामावशी

जिम्मामावशीला कबड्डी शेवटपर्यंत कळली नाही. चढाईला गेलेल्या आमच्यातल्या एकीला सगळ्यांनी मिळून धरलं, की ती मैदानाच्या कडेला उभी राहून समोरच्या संघाला रागवायची, "एकटीला कामून धरायल्या गं समद्याजणी?" पंच हसायचे, आम्ही लाजायचो. सामना संपला की हळूच विचारायची, "आपुन जिंकलो का?" हरलो म्हटलं तरी तिच्या पदरातले फुटाणे प्रत्येकीच्या हातावर पडायचेच.

राणीसावरगावात तिची मेंढरं होती. शाळेमागच्या माळावर ती चारायला यायची, त्यामुळे आमचा सराव रोज तिच्या डोळ्यांसमोर चाले. संघ तयार झाला, पण सामन्यांसाठी गंगाखेडला, परभणीला मुली पाठवायच्या कोणाच्या भरवशावर? सोबत एकटे खेळाचे सर. घरोघरी नकार आला. तेव्हा मावशी मेंढरं नवऱ्यावर सोपवून दारोदार फिरली. "माझा जिम्मा हाय. जशी नेते तशी आणून सोडते." त्यावरूनच तिला हे नाव पडलं.

परभणीच्या सामन्यात माझा गुडघा फिरला. दवाखान्यात मावशीनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. गावी परतल्यावर तीच आधी आमच्या अंगणात शिरली. "भाऊ, जिम्मा माझा व्हता. बोलायचं ते मला बोला, पोरीला न्हाई." वडील एवढंच म्हणाले, "आता खेळ बंद. पाय अधू झाला तर हिला करून कोण घेईल?" मावशी मान खाली घालून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज गुडघा शेकायला येऊ लागली. खेळाचं नाव काढायची नाही. पाय बरा होत आला तेव्हा एकदा शेकता शेकता तिनं विचारलं, "तुला खेळायचंय का?"

आमच्या घरात हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"मी बी दरवेळी तुझ्या बापालाच इचारत आले," ती म्हणाली. "तुला इचारायचं राहूनच गेलं बघ."

"खेळायचंय," मी म्हणाले.

"मग तूच सांग त्यांना. मी बसते बाजूला."

मी सांगितलं. वडील उठून शेताकडे गेले. पण नाही म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात मी मैदानावर होते.

आता त्याच शाळेत मी मुलींना कबड्डी शिकवते. मावशी गेल्या उन्हाळ्यात गेली. दिवाळीच्या आधी गंगाखेडला सामने होते. तिच्याविना आमची ती पहिलीच खेप. मुलींना घेऊन मी एसटीत चढले, तर पुढच्या बाकावर वडील बसलेले. धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी.

"तुम्ही कुठं निघालात?" मी विचारलं.

"तुमच्यासंगंच यायलोय," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. "पोरींच्या घरी सांगून आलोय मी."