सणाआधीचा पाव

लातूर जिल्हा नवा झाला आणि मी नव्या कचेरीत कारकून झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नव्हते. खोलीच्या दारावरच्या पाटीवर नावापुढं ‘बी.ए.’ रंगवून घेतलं होतं, चांगलं ठळक.

शेजारी एक बेने इस्रायली ज्यू जोडपं राहायचं, कोकणातून बदलीवर आलेलं. त्यांचा वल्हांडणाचा सण आला. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड, तरी बाईंनी भांडी उकळली, डबे पालथे घातले, फडताळातला कण न्‌ कण टिपला. उकळलेलं पाणीही फेकलं नाही, त्यानंच फरशी पुसली.

सण संध्याकाळी लागणार होता; त्या सकाळी त्यांनी उरलेले तीन पाव आणि बिस्किटांचा चुरा घमेल्यात घालून अंगणात आणला. हातात काडेपेटी. माझी आई नायगावहून आलेली, उंबऱ्यात डाळ निवडत होती.

“बाई, काय करायलीस?”

“जाळतेय, मावशी. सणात घरात आंबवलेलं, खमिराचं काही ठेवायचं नाही.”

“दुष्काळात अन्न जाळतीस?” आईनं घमेलं ओढलं आणि मांडीवर घेऊन बसली. “लाव आता काडी!”

बाईंनी घड्याळ बघितलं. ठरल्या वेळेच्या आत हे जळायला हवं होतं. महिन्याभराची मेहनत आईच्या मांडीवर अडकली होती.

मी शिकल्यासवरल्यासारखी मधे पडले. “आई, त्यांचा धर्म आहे तो. तुला नाही कळायचं.”

“तुला कळला का?”

मला कुठं कळला होता!

बाई आईजवळ टेकल्या. “मिसर देशात आमचे लोक गुलाम होते, मावशी. निघायच्या वेळी पीठ फुगेपर्यंत थांबायला सवड नव्हती, तसंच उचलून निघाले. आणि खमीर म्हणजे माणसाचं फुगणंही. मी अमका, मी तमका. ते आधी झाडायचं, मग सण.”

आईनं आमच्या दाराकडं बघितलं. “मग ती पाटीबी घाल की ह्यात!”

दोघी खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मग आई घमेल्याकडं बघत म्हणाली, “आमी बौद्ध झालो तवा देवाचे टाक नदीत सोडले. सासू लई रडली. म्हणली, ऱ्हाऊ दे एका कोपऱ्यात. तुजा बाप म्हणला, ते कोपऱ्यात ऱ्हायले की आपुनबी तितंच ऱ्हातो.”

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

“खाल्लं तर चालंल का?” तिनं बाईंना विचारलं.

“अजून थोडा वेळ आहे. खा, पण एक तुकडा जाळायला ठेवा.”

आईनं अर्धा पाव माझ्या हातात कोंबला. आम्ही मायलेकी कोरडाच पाव घाईघाईनं चावत होतो आणि बाई घड्याळ बघून हसत होत्या. शेवटी आईनं पदरातला चुरा घमेल्यात झटकला, एक तुकडा वर ठेवला.

“लाव,” ती म्हणाली आणि वाऱ्याला आडोसा धरून उभी राहिली.