घरीच शिक

पनवेलच्या मासळी बाजारात मी दर रविवारी एकाच मावशीकडून मासे घेते, पण तिचं नाव मला माहीत नाही. ती मान वर करत नाही. "तलायला, का कालवनाला?" एवढं विचारल्याशिवाय मात्र कोयता उचलत नाही.

परवा ती सुरमई कापत असताना मी सहज म्हणाले, "मुलीला नववीतून काढतेय. आता घरीच." शाळा बरी की घर, यावर नवऱ्याची आणि माझी महिनाभर चर्चा चालली होती.

कोयता थांबला. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"लगीन ठरलं काय गो पोरीचं?"

मी हादरलेच. घाईघाईने सांगितलं, लग्न कसलं, घरी शिकवणार, ऑनलाइन शिक्षक आहेत, दहावीची परीक्षाही देईल.

तिने सगळं ऐकून घेतलं. "माझा बापूस पन असंच बोल्ला. शाला नको, घरीच शिक. मी बी नववीतच व्हते." मग कोयता जरासा उचलून दाखवला. "हे शिकले."

मी पैसे दिले. पिशवी घेऊन निघाले.

एक सुरमई कापायची, तरी ती आधी विचारते. आम्ही मुलीला महिनाभरात एकदाही विचारलं नव्हतं.