न लावलेल्या आंब्याचं भांडण

बिदर शहरातल्या मैलुरात आमचं नवं घर झालं. भिंतींना लावून उरलेला चुना अप्पांच्या हाती पडला आणि आमच्या डोक्याला ताप झाला. अप्पा कचेरीत कारकून. बागेचा नकाशा कागदावर काढला असता तर काय बिघडलं असतं? पण न्हाई! त्यांनी तो अख्ख्या अंगणावर काढला. इथं गुलाब, तिथं लिंबू, मधून पाऊलवाट आणि शेजाऱ्याच्या भिंतीलगत एक मोठं वर्तुळ. ते आंब्याचं.

लावायचं मात्र जमेना. बिदरची जमीन ती, वीतभर मातीखाली सगळा लाल दगड. पहार मारली की हात झिणझिणायचे. "पावसाळ्यात बघू," म्हणून अप्पांनी पहार ठेवून दिली, पण शिस्त त्याच दिवशी सुरू केली. मी अंगणात गेले की ओरडायचे, "लिंबावर कामून उभी ऱ्हायलीस?" दूधवालासुद्धा बिचारा पाऊलवाटेनं वळसे घेत यायचा.

शेजारचे अण्णा लिंगायत, किराणा दुकानवाले. एकदा भिंतीवरून वाकून वर्तुळ बघत म्हणाले, "ह्याच्या फांद्या आमच्याकडं येणार. मग त्यांचं पहिलं फळ आमच्या मठात स्वामींना जाईल. आमची रीत हाय."

"झाड माझं," अप्पा ताठले. "पहिला आंबा विहारात जाणार, बुद्धापुढं."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! आंबा गोड निघेल का आंबट, यावरही तावातावानं एक फेरी झाली. शेवटी अण्णांनी बायकोला बजावलं, त्या घरात पाय टाकायचा न्हाई. अप्पांनीही मायला तेच सांगितलं.

यात मेली ती माय. आमच्या गावी, चिंताकीत, तिला बोलायला अख्खा गाव होता. इथं आम्ही कोण ते कळलं की बायका हळूच दार लोटून घ्यायच्या. एकटी अण्णांची बायको, आमची अक्का, आपणहून आली होती. ती आमच्या चुलीपाशी बसायची, मायसंगं पापड लाटायची, दुपारचं जेवायची. आता तीही बंद. माय भांड्यांशी बोलायला लागली. मला अप्पांचा असा राग आला की काय सांगू! अजूनही येतो.

एका रविवारी दुपारी अप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. माय घागर आणि खराटा घेऊन बाहेर आली. आंब्यावर पाणी ओतलं अन् खराखरा झाडून काढलं.

"घ्या. तोडलं झाड."

"अगं, फळतं झाड!" अप्पा धावले, पण पाऊलवाटेनं. पोचेपर्यंत चुन्याचा चिखल झाला होता.

अण्णा भिंतीशी आले. तोंड उतरलेलं. "लई वाईट झालं हो. भांडण आपलं होतं, झाडाचा काय दोष?"

अप्पांचे डोळे भरले. "मोहर तरी येऊ द्यायचा."

दोघं एकमेकांचं सांत्वन करायलेत तोवर अक्का फाटकातून आत आली. कुणी तिला अडवलं न्हाई. आता भांडायला उरलंच काय होतं? तिनं मायच्या हातातला खराटा काढून घेतला.

"ऊटा आयता?" जेवलीस का, एवढंच तिनं कन्नडात विचारलं.

मायला रडू फुटलं. "कुणासंगं जेवू?" ती म्हणाली.