तळ्याकाठच्या बाकावरचं वाक्य

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या नीलांबरीकाकूंना बर्फ पडत असताना काम सुचतं. खिडकीबाहेरचं तळं आणि आकाश एकाच पांढऱ्यात मिसळून जातं, आणि पडद्यावरची अक्षरं तेवढी पाय टेकून उभी आहेत असं वाटतं. निवृत्तीनंतर त्या इंटरनेटवरच्या एका मोफत ज्ञानकोशासाठी लेख तपासतात. मजकूर कुठून उचललाय का, दिलेले आधार भरवशाचे आहेत का, एवढंच बघायचं.

त्या दिवशी लाकोटा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीच्या एका जुन्या नेत्याचं चरित्र समोर आलं आणि काकूंचा हात थबकला. त्यांचे यजमान अरुणकाका गेले तेव्हा याच लेखातलं वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं होतं : 'नदीला निरोप देऊ नका, ती अजून येतेच आहे.' मुलीनं, सावनीनं, ते पितळी पट्टीवर कोरून तळ्याकाठच्या बाकाला लावलं. खाली छोट्या पट्टीवर नेत्याचं नाव.

बालपणाचा परिच्छेद एका सहल कंपनीच्या पानावरून जसाच्या तसा घेतलेला निघाला. काकूंनी तो नव्यानं लिहिला. मग नदीचं वाक्य. आधार म्हणून एक पुस्तक दिलं होतं. त्याची तळटीप उघडली, तर तिथे आधार म्हणून हाच लेख! लेख पुस्तकाकडे बोट दाखवत होता, पुस्तक लेखाकडे, आणि मधे पाण्याचा थेंब नव्हता.

जुनी वर्तमानपत्रं चाळता चाळता दुपार कलली. तिथे तो माणूस एकदाच बोलताना सापडला. सरकारी बैठकीत उठून तो म्हणाला होता, 'हा दुभाष्या बदला. मी बोलतो ते हा सांगत नाही.'

काकूंना वाटलं, खिडकीबाहेरच्या पांढऱ्यात कुणीतरी उभं आहे. ते हलत नाहीये.

संध्याकाळी सावनी आली, तेव्हा त्यांनी तिला सगळं दाखवलं.

"आई, सोड ना यार. कोण चेक करणार आहे?"

"मीच की! मीच करते ना चेक."

"बाबांचं वाक्य डिलीट करणार तू?"

"बाबांचं कुठलं? आणि ह्याचंही नाही. कुणीतरी ह्याच्या तोंडी घातलंय. परत एकदा."

काकूंनी वाक्यावरून बोट फिरवलं. ते निळं झालं, क्षणभर खरंच वाहिल्यासारखं वाटलं, आणि गेलं. त्या जागी त्यांनी दुभाष्याची तक्रार लिहिली आणि खाली वर्तमानपत्राचा आधार दिला.

बर्फ थांबल्यावर दोघी तळ्यावर गेल्या. सावनीनं पट्ट्या पुसल्या.

"दोन्ही काढायच्या?"

"नाव काढ. ते त्याचं त्याला परत देऊ. वाक्य राहू दे."

"लोक विचारतील, कुणाचं आहे?"

"माहीत नाही म्हणायचं."

सावनीनं हातमोज्यानं नाव झाकून पाहिलं. मग खिसे चाचपले, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. स्क्रू-ड्रायव्हर घरीच राहिला होता. अरुणकाका असते तर त्यांनी निघतानाच विचारलं असतं, 'घेतला का?'