पाठीवरचे डाग

माझी मावशी मुलांच्या क्रिकेट क्लबात कपडे धुवायची. सगळा क्लब तिला मावशीच म्हणायचा. गवताचा, चेंडूचा, रक्ताचा, एकही डाग वीस वर्षांत तिच्या हातून सुटला नाही. रक्ताला गार पाणी आणि मीठ, गरम पाणी घातलंस तर जन्माचं बसतं, हे तिने मला सहाव्या वर्षीच शिकवलं. गुणाबरोबर गर्वही होता, खोटं कशाला बोलू. शर्ट दोरीवर टाकले की ती लांब उभी राहून बघत बसायची.

रक्त पाठीवर असतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. चेंडू छातीला लागतो, कोपराला लागतो. पाठीवर आडवे चार वळ उमटवत नाही. सात नंबरचा शर्ट तर दर आठवड्याला तसाच. शेवटी ते तेरा वर्षांचं पोर स्वतःच आलं.

"मावशी, आईला दिसायच्या आत काढा ना. ती खेळ बंद करेल माझा."

"कोण मारतं?"

"कॅच सुटला की सर स्टंपने मारतात. सगळ्यांनाच."

मावशीने तो शर्ट धुतला. सवयीचा हात, दुसरं काय. मला अजून तिचा राग येतो. मग ती सेक्रेटरींकडे गेली. त्यांनी खिडकीतून दोरीकडे बोट दाखवलं.

"कुठंय रक्त? पांढरेशुभ्र तर आहेत. आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, मावशी."

पुढच्याच सामन्यात सात नंबरने कॅच सोडला. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीचं दार आतून लागलं. मावशीने खांद्याने धडका देऊन कडी उखडली. पोरगा बाकावर पालथा, तोंडात टॉवेल कोंबलेला, बाकीचे भिंतीला चिकटून, आणि स्टंप उगारलेला तो सर. ती त्याच्यावर आडवी पडली. माणूस असता तर थांबला असता. पहिला फटका तिच्या बरगडीवर बसला, दुसऱ्याने कातडी फाटली, चौथ्याला स्टंप मोडला, तर त्याने मोडकं टोक तिच्या पाठीत खुपसलं. मग तिने हाताला लागलेली लोखंडी बादली त्याच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडलेलं पोरांनी ऐकलं. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

वरच्या खोलीत कमिटीची बैठक चालली होती. मावशी तशीच जिना चढली.

"अहो, आधी दवाखान्यात चला," सेक्रेटरी उठत म्हणाले, "कपडे तरी बदला."

तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"बघा. हा धुतलेला नाही."

कमिटीतल्या एकाने पोलिसांना फोन लावला.

"आधीचे सगळे मीच धुतलेत. तेही लिहून घ्या."

दारात सात नंबर उभा होता. त्याने वळून शर्ट वर केला. मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्याही मागच्याने. पोलिस येईपर्यंत एकानेही शर्ट खाली केला नाही.