विक्रमाच्या गाडीत सोयाबीन

हसायचं असेल तर शेवटी हसा, आधी ऐका.

माझा धाकटा भाऊ सुनील दोन वर्षांपासून एकाच नादात आहे. आठशे सीसीच्या जुन्या गाडीनं दीडशेचा वेग गाठून विक्रम करायचा. त्यासाठी त्यानं बाबांच्या गाडीचं मागचं सीट, एसी, सगळं काढून टाकलं. तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत.

आज पेडगावजवळचा नवा, अजून सुरू न झालेला रस्ता परवानगी काढून सकाळपुरता मिळाला होता. जाऊन बघतो तर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं! शेजारी एक आजी पोती घेऊन उभी.

सुनीलनं हात जोडले. "आजी, जरा बाजूला घेता का?"

"भरायलेच की बाबा, आभाळ यायलंय. पर एकटीच हाय मी."

खरंच आभाळ भरून आलं होतं. सुनीलनं एकदा मोकळ्या रस्त्याकडं बघितलं, हेल्मेट काढलं आणि सोयाबीन गोळा करायला लागला.

सगळी पोती मागच्या रिकाम्या जागेत बसली. मी पोत्यांवर, आजी पुढं. निघालो तशी आजी दार घट्ट धरून ओरडली, "हळू रं लेकरा, लय पळवायलास!"

पोती तिच्या घरात टाकली आणि पाऊस आला. रस्ता ओला, विक्रम राहिला.

घरी मी हे सांगितलं तर बाबा खदखदून हसले. मग सरळ सुनीलकडं वळून म्हणाले, "काटा कितीवर होता रे?"

"वीसवर, बाबा."

आता तुम्हीच सांगा, आज विक्रम झाला का नाही?